दोन पत्रिका

गेल्या डिसेंबरात एकाच मित्राच्या लग्नाची दोन निमंत्रणं मला एकाच दिवशी मिळाली.

सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. पन्नास सेकंदांचा. जलरंगातली पावसाळी गल्ली, एक छत्री, कॉफीचे दोन कप, मग डोंगर, मग एक कुत्रा. (कुत्रा खरा आहे. गल्ली कुठलीच नाही, ती टेम्प्लेटमध्येच येते.) मागे गिटार. अक्षरं एकेक करून उमटत जातात: एक ऑफिस, दोन अनोळखी माणसं आणि तिसऱ्या मजल्यावरचं बिघडलेलं कॉफी मशीन. शेवटी दोघांच्या नावांची मोडतोड करून केलेला हॅशटॅग आणि तारीख. ग्रुपवर बदामांचा पाऊस पडला.

संध्याकाळी त्याच मित्राचे आईबाबा आमच्या घरी आले. आईच्या हातात जाड लिफाफा दिला, वर अक्षता ठेवल्या, 'नक्की यायचं हं सगळ्यांनी' झालं, चहा झाला. लिफाफ्याच्या कोपऱ्यांना हळदकुंकू. आत तीच पत्रिका, जी तुम्ही-आम्ही शंभर वेळा पाहिली आहे. वर कुलस्वामिनी प्रसन्न. 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. मग आजोबांपासून सुरू होऊन काका, मामा, आत्यांचे यजमान अशी उतरत जाणारी नावांची उतरंड. खाली 'किलबिल'मध्ये तीन पोरं आपल्या काकाच्या लग्नाला बोलावतायत, त्यातलं एक अजून नीट बसतही नाही. कॉफी मशीनचा पत्ता नाही.

पाहुणे गेल्यावर आईने चष्मा लावून पत्रिका वाचली. एकदाच वाचली आणि विचारलं, "मुलगी कुठली गं?"

पुण्याची, मी म्हटलं. पण आईला पुणं नको होतं, हे मलाही कळत होतं. मराठीत 'कुठली' या प्रश्नाचं उत्तर गाव नसतं. तिने पत्रिका पुढे केली. मुलाच्या बाजूला आडनाव, मूळ गाव, तालुका, सगळं ठसठशीत. मुलीच्या बाजूला तिचं नाव, वडिलांचं नाव आणि 'पुणे'. आडनाव नाही. काका-मामांची यादी नाही. एका मिनिटात आईने जे वाचलं, ते छापलेलं नव्हतंच.

आता कबुली देते. सकाळच्या व्हिडिओतला मजकूर मी लिहिलेला होता.

दिवसा मी एका एजन्सीत जाहिरातींचा मजकूर लिहिते. लग्नसराईत ओळखीओळखीतून 'आमची गोष्ट' लिहून द्यायची कामं येतात. दीडशे शब्द, दोन दुरुस्त्या, अडीच हजार रुपये. या मित्राकडून अर्थातच पैसे घेतले नाहीत. आणि त्याची गोष्ट मला कुणी सांगायचीही गरज नव्हती, ती माझ्यासमोरच घडली होती. दोघांच्या जाती वेगळ्या, आणि वेगळ्या म्हणजे पत्रिकेत आडनाव गाळावं लागेल इतक्या वेगळ्या. मुलाच्या वडिलांनी चौदा महिने त्याच्याशी एक शब्द बोलणं टाकलं होतं, जेवणाचं ताट आईमार्फत पुढे सरकायचं. ती घर सोडून वर्किंग विमेन्स हॉस्टेलमध्ये राहिली. तिच्या घरून भेटायला फक्त तिची आत्या यायची, दर रविवारी, डब्यात काहीतरी घेऊन. शेवटी त्या आत्यानेच दोन्ही घरांत जाऊन बोलणी केली. ही खरी गोष्ट. मी मसुद्यात एवढंच लिहिलं होतं: 'मग थोडे चढउतार आले.' मित्राने ते वाक्य लाल केलं आणि बाजूला लिहिलं, 'लाइट ठेव ना यार.' मी ठेवलं. चौदा महिने गेले, कॉफी मशीन राहिलं.

म्हणून हा लेख. 'आपली पत्रिका आपली गोष्ट सांगणारी हवी' हा सध्या लग्नाच्या बाजारातला सगळ्यात खपणारा माल आहे आणि मी त्याची किरकोळ विक्रेती आहे. माझा आरोप असा आहे की या वैयक्तिक पत्रिकांमध्ये वैयक्तिक काहीच नसतं. गोष्ट त्यांना सांगितली जाते ज्यांना ती आधीच पाठ आहे, आणि ज्यांना सांगायला हवी त्यांच्यासाठी दुसरी पत्रिका छापली जाते, जिच्यात एक अक्षरही बदललेलं नसतं.

आधी मित्रांच्या पत्रिकेबद्दल. मी आतापर्यंत वीसेक तरी लिहिल्या असतील, त्यामुळे रेसिपी माहीत आहे. पहिली भेट, पहिली ट्रिप, 'ती हो म्हणाली', आता तुमची वाट पाहतोय. पहिल्या भेटीत काहीतरी किरकोळ फजिती हवी, म्हणजे माणसं गोड वाटतात. पावसाळ्यात भेटले असतील तर उत्तम, नसतील तरी पाऊस पाडता येतो. ट्रिपला किल्ला चालतो, पण समुद्र जास्त चांगला दिसतो. मुलगा उशिरा येणारा आणि मुलगी जास्त बोलणारी. खरंच तशी असतात का हे विचारायची पद्धत नाही. एकदा तर मी एका जोडप्याचा मजकूर चुकून दुसऱ्याला पाठवला. दुसऱ्या जोडप्याने वाचून कळवलं, 'मस्त झालंय, फक्त ट्रिपचं ठिकाण बदल.'

पण माझा आवडता प्रकार आहे तो कांदेपोह्यांना प्रेमकथेचा पोशाख चढवण्याचा. विवाह जुळवणाऱ्या साइटवर दोघं भेटलेले असतात. यात वाईट काहीच नाही, निम्मा महाराष्ट्र तसाच भेटतो. पण पत्रिकेत साइट लिहायची नसते, कमीपणा वाटतो. मग लिहायचं, 'लाखो चेहऱ्यांत नशिबाने आमची गाठ घातली.' नशिबाने! त्या लाखो चेहऱ्यांमधून आधी धर्म निवडून झाला होता, मग जात, मग पोटजात, मग उंची, मग पगार, मग मांसाहारी की शाकाहारी, काही घरांत वरून मंगळही. उरले चाळीस. त्या चाळिसांतून नशिबाने निवडलं. मी ही वाक्यं लिहिली आहेत आणि बिल पाठवलं आहे.

कुणी म्हणेल, मग जुनीच पत्रिका बरी होती की. छे. जुन्या पत्रिकेबद्दल हल्ली जे गहिवर दाटतात त्यातली मी नाही. 'काय ती भाषा, काय तो जिव्हाळा' वगैरे. भाषेचा कस आहे हे खरं, एका कार्डावर एवढी माहिती दाटून बसवणं सोपं काम नाही. पण ती माहिती कसली आहे ते पाहा. पत्रिका हा मुळात घराण्याचा जाहीरनामा आहे. घरातला कर्ता पुरुष कोण, कुणाशी बोलणं चालू आहे आणि कुणाशी बंद, गावात वजन किती, जात कुठली, कोण हयात आणि कोण कैलासवासी, हे सगळं सराईत वाचक एका नजरेत उचलतो. गावाकडच्या वर्तमानपत्राएवढ्या पत्रिकेत 'प्रमुख उपस्थिती'खाली आमदारापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत जी पन्नास नावं असतात, ती लग्नाला येवोत न येवोत, छापून आली की काम झालं. आणि नवरी? ती 'चि. सौ. कां.' म्हणजे सौभाग्याची आकांक्षा बाळगणारी. नवऱ्याने कशाची आकांक्षा बाळगावी याला संक्षेप नाही, तो नुसता 'चि.'.

आमच्या घरातलं एक पान दाखवते. बाबा गेले तेव्हा मी अकरावीत होते. त्यानंतर तीन वर्षांनी ताईचं लग्न झालं. ताईची फी, ताईचं लग्न, हॉलची आगाऊ रक्कम, सगळं आईच्या पगारातून आणि तिच्या पीएफमधून गेलं. पत्रिकेत ताईच्या नावाखाली 'कै.' लावून बाबांचं नाव आलं, त्यांची ज्येष्ठ कन्या म्हणून. निमंत्रक म्हणून मोठ्या काका-काकूंचं नाव, सौ. व श्री. आईचं नाव कुठेच नव्हतं. गेलेला माणूस पत्रिकेत होता आणि हयात बाई नव्हती. कुणी मुद्दाम केलं नाही. काकांनी मनापासून धावपळ केली होती, छापखान्यातल्या माणसाने 'पद्धत अशी असते' म्हटलं, आणि आई म्हणाली, "मंगल कार्यात कशाला माझं नाव." मी तेव्हा वीस वर्षांची होते. मी डिझाइन बघत होते. मला पोपटी रंग नको होता, त्यावरून मी भांडले. रंग बदलून घेतला.

हे फक्त आमच्या घरात घडतं असं नाही. बाईच्या नावाआधी काय लावायचं हा इथे राज्यकारभाराचा प्रश्न आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, सगळं बंद. त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. आणि एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांच्याकडून सूचना आली की 'विधवा' शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा प्रस्ताव तयार करावा. म्हणजे पत्रिकेतलं 'गं. भा.'. एका गावाने बांगड्या वाचवल्या आणि वर्षभरात मंत्रालयाला लग्नपत्रिकेतला संक्षेप सापडला. टीका झाली, मग अजून निर्णय झालेला नाही असा खुलासा झाला. तोच महाराष्ट्र १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम सक्तीचा करतो. शाळेच्या दाखल्यावर आई आली. ती पोरं लग्नाची होतील तेव्हा पत्रिकेवर येते का ते बघायचं.

तर, जुनी पत्रिका खोटं बोलत नव्हती. ती क्रूर असेल, पण उघड होती. कोण मोजलं जातं आणि कोण नाही हे ती छातीठोकपणे छापायची. नव्या पत्रिकेने या व्यवस्थेला हातही लावला नाही. तिने शेजारी जलरंगाचं दुसरं दुकान उघडलं.

गंमत अशी की दोन्ही पत्रिका एकाच घरात, एकाच महिन्यात तयार होतात. व्हिडिओसाठी मुलगा-मुलगी तीन आठवडे घालवतात. फॉन्टवरून भांडतात, कुत्र्याच्या कानाचा रंग बरोबर नाही म्हणून परत पाठवतात. छापील पत्रिकेसाठी बाबा छापखान्यात जातात, मागच्या चुलतभावाच्या लग्नाची पत्रिका सोबत नेतात आणि म्हणतात, 'हीच ठेवा, नावं बदला.' गिरगावातल्या खाडिलकर रोडवर, जिथे दुकानाला दुकान लागून पत्रिकांचंच, तिथे जरा वेळ उभे राहा. चारशे डिझाइनं उलटून पाहणारी माणसं मजकुरापाशी आली की दोन मिनिटांत मोकळी होतात. 'नेहमीचा टाका.' जिथे काही बदलण्यासारखं होतं तिथे कुणी दोन मिनिटंही देत नाही.

(मराठीत कुंडलीही पत्रिका आणि निमंत्रणही पत्रिका. एक जुळली की दुसरी छापतात. दोन्हींत जोडप्याला कुणी फारसं विचारत नाही, हा योगायोग नसावा.)

यावर माझ्या मित्रमंडळींची ठरलेली उत्तरं आहेत. पहिलं: अगं, लग्न आहे, मोर्चा नाही. मान्य. पण मग 'आमची गोष्ट, आमच्या शब्दांत' असा आव आणू नका. नुसती तारीख, वेळ, हॉल आणि पार्किंग कुठे आहे ते सांगा, मी आनंदाने येईन. गोष्ट सांगतो म्हणालात की मी गोष्ट मागणार.

दुसरं: पैसे आईबाबा घालतात. हे उत्तर जड आहे, कारण खरं आहे. पण आईबाबांच्या पैशांनी लग्न करणाऱ्या याच मुलामुलींनी मेन्यूत पास्ता काउंटर घालून घेतला, संगीत घालून घेतलं, वरातीत ड्रोन उडवला. तिथे वाद घालायची ताकद होती. 'श्रीमती'चं काय करायचं, मुलीकडच्या लोकांची नावं मुलाकडच्यांपेक्षा बारीक टायपात का, निमंत्रक फक्त पुरुष का, यावर मात्र 'जाऊ दे ना, त्यांची हौस आहे.' ड्रोन महाग होता आणि नाव फुकट होतं. तरी ड्रोन मिळाला.

तिसरं उत्तर मला सर्वांत जास्त छळतं: जुन्या लोकांना कळणार नाही. अहो, जुन्या लोकांना सगळं कळतं. माझ्या आईला गाळलेलं आडनाव एका मिनिटात कळलं. त्या पत्रिकेच्या प्रत्येक वाचकाला कळलं असणार. ज्यांच्यापासून लपवलं त्यांनी ते वाचलं, आणि शिवाय हेही वाचलं की मुलाकडच्यांना या मुलीच्या आडनावाची लाज वाटते. पुढे त्याच नातेवाइकांच्या घरी ती मुलगी हळदीकुंकवाला जाणार आहे.

पत्रिकेचे शब्द बदलता येतच नाहीत असं कुणी म्हणालं तर त्यांनी जरा आजूबाजूला बघावं. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि तीन महिन्यांत, २५ डिसेंबरला, पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीविना. पुढे १८८७ मध्ये त्यांनी मंगलाष्टकांसह सगळ्या पूजाविधींचं पुस्तकच काढलं. त्यातली मंगलाष्टकं तिसरं कुणी म्हणत नाही, वर आणि वधू स्वतः एकमेकांना उद्देशून म्हणतात. वधू बायकांच्या हक्कांचा प्रश्न मांडते आणि वराला त्यावर शब्द द्यावा लागतो. आपल्या इन्स्टावरच्या 'व्हाउज'च्या सव्वाशे वर्षं आधी. आणि ते म्हणायला धैर्य लागत होतं, कारण समोर बसलेला गाव उद्या वाळीत टाकू शकत होता.

किंवा आंबेडकरी घरांतली पत्रिका घ्या. १९५६ नंतर तिने मजकूर मुळापासून बदलला. गणपतीच्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब, 'शुभविवाह'च्या जागी 'मंगल परिणय', मुहूर्त नाही तर घड्याळातली वेळ, 'श्रीकृपेकरून'ला रजा. कागद तोच, सोनेरी शाई तीच, पुष्कळदा छापखानाही तोच. ती पत्रिका हातात घेतली की वाचणाऱ्याला पाहुण्यांची जात कळते, आणि छापणाऱ्याला हे माहीत असतं. ऑफिसात सगळ्यांच्या टेबलावर ती ठेवणं म्हणजे काय, हे ज्याने ठेवली त्याला विचारा. माझ्या एजन्सीतल्या एका सहकाऱ्याने ती सगळ्यांना दिली. त्याआधी पाच वर्षं तो डबा खाताना काय बोलायचं आणि काय नाही हे सांभाळून होता. पत्रिका वाटून झाल्यावर दोघातिघांचं वागणं किंचित बदललं, किंचितच, बोट ठेवता येणार नाही इतकं. त्याच्या कार्डावर पहिल्या भेटीबद्दल एक ओळ नव्हती. तरी मी आजवर पाहिलेल्यांतली सर्वांत वैयक्तिक पत्रिका तीच.

आणि एक तिसरी पत्रिकाही असते. हौसेने कुणी ती छापत नाही.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस वास्तव्य हवं. नोटिशीचा नमुना कायद्यालाच जोडलेला आहे. नाव, स्थिती, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, कायमचा पत्ता, इथे किती काळ राहता. 'स्थिती' म्हणजे अविवाहित, विधुर किंवा विधवा, की घटस्फोटित. ही नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशा जागी लावतात. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. तीस दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकतीची कारणं मोजकी आहेत, जात किंवा धर्म हे कारण नाही, पण तालुक्याच्या गावी फळ्यावर नाव-पत्ता वाचून घरी फोन करायला कारण लागत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये म्हटलं की जोडप्याने लेखी मागितलं तरच नोटीस प्रसिद्ध करावी. ते तिकडे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने आंतरधर्मीय लग्नांसाठी 'परिवार समन्वय समिती' नेमली. आधी शासन निर्णयात आंतरजातीय लग्नंही होती, ओरड झाल्यावर ती काढली, आंतरधर्मीय ठेवली.

सात रकान्यांची गोष्ट. जलरंग नाही, संगीत नाही, आणि निमंत्रण हरकतींना. मी एका मैत्रिणीसोबत अशी नोटीस द्यायला गेले होते. ते तीस दिवस तिने मोबाइलचं लोकेशन बंद ठेवून काढले. तिच्या लग्नाला तीन साक्षीदार आणि आम्ही चौघं होतो. पत्रिका कुणालाच नव्हती. ज्यांची अशी स्थिती आहे त्यांनी गोष्ट छापावी असं मी म्हणत नाही. त्यांनी हवं ते लपवावं, आडनावं गाळावीत, पूर्ण खोटं बोलावं आणि सुखरूप राहावं. आपली जखम कार्डावर छापायची सक्ती कुणावर नाही. माझं भांडण ज्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही त्यांच्याशी आहे. त्यांच्याकडे बोलण्याची मुभा आहे आणि ती ते कुत्र्याच्या कानावर खर्च करतात.

त्या मित्राचंच घ्या. वडील शेवटी तयार झाले होते, हॉल बुक झाला होता, धोका संपला होता. छापील पत्रिकेत त्या आत्याचं नाव निमंत्रक म्हणून घालता आलं असतं. एक ओळ. दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांना कळलं असतं की हे लग्न कुणी जुळवलं. मुलीचं आडनाव मुलाच्या आडनावाएवढ्याच टायपात घालता आलं असतं. पाऊस, छत्री, गिटार काहीही न लावता ती त्यांची गोष्ट झाली असती, आणि ती मुलाच्या गावी घरोघरी अक्षतांसोबत पोचली असती. मी हे त्याला लग्नानंतर सांगितलं. तो म्हणाला, "तेव्हा का नाही बोललीस?" खरं आहे. मी तेव्हा कॉफी मशीन लिहीत होते.

येत्या फेब्रुवारीत माझं लग्न आहे. तुम्ही विचाराल त्याआधी सांगते: साइटवरच भेटलो, आणि जातीचा फिल्टर लावलेला होता. आईने नाही, मीच लावला होता, 'कशाला उगीच कटकट' म्हणून. होणारा नवरा हा मसुदा वाचून म्हणाला, "मग आपल्या पत्रिकेत फिल्टर छापायचा का?" नाही छापला. पण 'नशिबाने गाठ घातली' हेही नाही छापलं. व्हिडिओ केला नाही, एकच पत्रिका केली, मित्रांना आणि काकांना तीच. निमंत्रक म्हणून त्याच्या आईबाबांची नावं आणि माझ्या आईचं. यावरून काका आठ दिवस नाराज होते. मग त्यांनीच हॉलवाल्याशी भांडून दोन हजार कमी करून आणले, यावरून राग गेला असं आम्ही धरून चाललो आहोत.

आईला तयार करायला त्याहून जास्त वेळ लागला. दहा वर्षांपूर्वीचंच वाक्य तिच्याकडे तयार होतं. मी ताईच्या लग्नाची पत्रिका कपाटातून काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ती उलटसुलट पाहिली, म्हणाली, "रंग छान घेतला होतास तू." मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "घाल. पण पुढे-मागे काही लावू नकोस. नुसतं नाव."

छापखान्यात मजकूर दिला तेव्हा तिथल्या दादांनी दोनदा विचारलं, "मॅडम, नावाआधी काय? सौ. की श्रीमती?" काही नाही म्हटलं. "मोकळं दिसेल." दिसू दे म्हटलं. त्यांनी कागदावर पेन्सिलीने गोल केला.

परवा व्हॉट्सॲपवर प्रूफ आलं. माझं नाव बरोबर, तारीख बरोबर, हॉलचा नकाशा बरोबर. आईच्या नावाआधी 'श्रीमती'. फोन केला तर दादा म्हणाले, आम्ही नाही घातलं, फाइलमध्ये आधीपासून असतं, आपोआप येतं. दुसरं प्रूफ बुधवारी पाठवतो म्हणालेत.